ओट्यावरचा ‘दगडी’ रंग पुन्हा पुन्हा सुटतोय? पोपडा फेकू नका, उलटा करून बघा

जुन्या ओट्याला ग्रॅनाइटसारखा रंग दिला, आल्यागेल्याने हात फिरवून कौतुक केलं, आणि महिन्या-दीड महिन्यात सिंकच्या कोपऱ्याशी नखाएवढा पोपडा निघाला. त्यावर परत एक हात मारला. पावसाळा सरता सरता तिथेच पुन्हा निघाला, या वेळी तळहाताएवढा. तक्रार इतकी ठरलेली असते की फोनवर ऐकतानाच पुढचं वाक्य सांगता येतं: दुकानदार म्हणतो, वरचा कोट भारीतला घ्या.

घेऊ नका. निदान इतक्यात नको. ओट्यावरचा रंग सुटतो त्यात वरच्या कोटाचा दोष क्वचितच असतो, आणि खरा दोष कुठे आहे ते सुटलेल्या पोपड्याच्या पाठीवर दिसतं. नेमका तोच पोपडा लोक खरवडून केरात टाकतात आणि मग अंदाजाने डबे विकत आणतात.

आधी थर समजून घ्या. सगळ्यात खाली मूळ ओटा: कडप्पा, शहाबादी, टाइल्स किंवा सनमायका. त्यावर प्रायमर, प्रायमरवर बेस रंग, त्यावर स्पंजाचे ठिपके किंवा ब्रशाच्या शिरा, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. ज्याला आपण कौतुकाने ‘दगड’ म्हणतो तो मधला थर कागदापेक्षा पातळ आणि बहुधा पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रेलिक रंगाचा असतो. त्याच्या अंगी स्वतःची ताकद नसते. खालून प्रायमरने त्याला धरायचं आणि वरून क्लिअर कोटने पाणी अडवायचं, एवढ्यावर सगळा डोलारा उभा. तेव्हा प्रश्न एवढाच, की कुठल्या दोन थरांची फारकत झाली? ब्लेडने पोपडा हलक्या हाताने उचला, उजेडात न्या, पाठ बघा. खालच्या जागेवर टॉर्च आडवा धरून तीही बघा.

पाठ गुळगुळीत, खाली मूळ ओटा कोरा

हे सगळ्यात जास्त आढळतं. प्रायमरने ओट्याला पकडलंच नव्हतं. कारणं दोन: तेल, नाहीतर चकाकी.

कडप्प्याच्या ओट्यावर संशय आधी तेलाचा घ्यावा. ठाण्याच्या एका जुन्या सोसायटीतला ओटा दोनदा रंगवून दोनदा सोलला होता. प्रायमर चांगला, घासलंही व्यवस्थित. पेंटरने शेवटी विचारलं, “काकू, ओट्याला तेल लावत होता का कधी?” काकू म्हणाल्या, “कधी म्हणजे? वर्षानुवर्षं लावतेय. खोबरेल. नाहीतर पांढरट पडतो हो तो.” त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. कडप्पा काळाकुळकुळीत ठेवायची ती घरोघरची पद्धत. पण कडप्पा हा चुनखडक. शहाबादी आणि कोटा फरशीही चुनखडकच. तेल या दगडांत मुरतं, वरून पुसून निघत नाही, आणि उन्हाळ्यात किंवा गरम पातेल्याखाली हळूहळू वर येतं. शिवाय शेगडीच्या आजूबाजूला रोजच्या फोडणीचे शिंतोडे असतातच.

तपासायला पाण्याचा एक थेंब पुरतो. खरवडलेल्या कोऱ्या दगडावर बोटाने थेंब ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा गोल राहिला तर तेल आहे. पसरून दगड गडद झाला तर जागा स्वच्छ आहे. एकाच जागी करू नका. शेगडीच्या दोन्ही बाजू, मसाल्याच्या डब्याची जागा, कणीक मळायची जागा, सगळीकडे करा.

तेल काढताना क्रम महत्त्वाचा. बहुतेकजण आधी घासतात, मग धुतात. त्याने तेल दगडात आणखी चोळलं जातं. आधी धुवायचं. धुण्याचा सोडा कडकडीत पाण्यात विरघळवून, हातमोजे घालून, नायलॉनच्या ब्रशने घासा, साध्या पाण्याने दोन-तीनदा स्वच्छ करा आणि वाळू द्या. तरीही थेंब गोलच राहिला तर शंखजिऱ्याची पूड थिनरमध्ये कालवून श्रीखंडाइतका घट्ट लेप करा, डागावर जाडसर पसरा, वर प्लास्टिक चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढून लेप वाळू द्या. वाळताना तो तेल ओढून घेतो. जुन्या ओट्याला हे एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं.

थिनर वापरायच्या दिवशी शेगडी ओट्यावरून खाली उतरवा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, पाइप गॅस असेल तर मुख्य कॉक बंद करा, खिडक्या सताड उघड्या ठेवा. देवापुढचा दिवा त्याच खोलीत लागत असेल तर लेप निघेपर्यंत तो दुसऱ्या खोलीत लावा. हे गमतीने सांगत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते.

टाइल्स आणि सनमायका यांच्याबाबत तेलापेक्षा चकाकी जास्त आडवी येते. काचेसारख्या पृष्ठभागावर प्रायमरला नख रोवायला जागा नसते. काळा वॉटर पेपर, १२० नंबरचा, पाणी लावून सगळीकडे फिरवा, मग २२० चा. घासून झाल्यावर ओटा सगळीकडे सारखा मलूल दिसला पाहिजे. जिथे एकही चमकता ठिपका उरला तिथे पुढे पोपडा निघणार, हे लिहून ठेवा. कोपरे आणि पुढची कड इथे हात नीट पोचत नाही, आणि रंग पहिल्यांदा सुटतो तोही तिथेच.

चकचकीत पृष्ठभागावर साधा ऑइल पेंटचा प्रायमर चालत नाही. दोन डब्यांचा, हार्डनर (घट्ट करणारं रसायन) मिसळायचा इपॉक्सी प्रायमर घ्या. कुणी “ऑइल पेंटच मारू, स्वस्तात होईल” म्हणालं तर त्याला दरवाज्याचं काम द्या.

एक तिसरं कारणही आहे आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: जुनं सिलिकॉन. सिंकच्या कडेने आधी कुणीतरी ट्यूबमधलं सिलिकॉन भरलेलं असतं. त्यावर कुठलाच रंग बसत नाही, आणि पॉलिश पेपर फिरवला की त्याचा अदृश्य थर वीतभर लांबपर्यंत पसरतो. मग रंग लावताना मध्येच गोल गोल टिकल्या पडतात, रंग तिथून मागे सरकतो. म्हणून घासायच्या आधी ब्लेडने सिलिकॉन मुळापासून कापून काढा आणि ती जागा थिनरच्या फडक्याने पुसा. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी घडी.

पाठीवर पांढरी किंवा राखाडी भुकटी

म्हणजे रंगाने धरलं होतं, पण ज्याला धरलं तेच कच्चं निघालं. बहुतेक वेळा ही भिंतीची पुट्टी असते. टाइल्समधल्या खाचा बुजवायला किंवा कडप्प्याचे टवके भरायला पेंटर हाताशी असलेली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वापरतो. भिंतीला ती उत्तम. पण रोज ओल्या होणाऱ्या, वर डबे आपटणाऱ्या आडव्या ओट्यावर ती महिन्याभरात भुसभुशीत होते. ती सगळी खरवडा आणि इपॉक्सी ग्राउट किंवा इपॉक्सी पुट्टी भरा.

पुट्टी वापरलीच नव्हती आणि तरी भुकटी दिसतेय? मग अ‍ॅसिड. ओटा ‘लख्ख’ करायला कुणीतरी बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलेलं असतं. चुनखडकावर अ‍ॅसिड पडलं की तो फसफसतो, वरचा थर खडूसारखा होतो, आणि प्रायमर त्या खडूला चिकटून खडूसकट उचलला जातो. ग्रॅनाइटवर असं फसफसत नाही, म्हणून शेजारणीचा अनुभव इथे कामाचा नाही. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर यांच्यावर अ‍ॅसिड कधीच नाही. लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडून राहिला तरी त्यांच्यावर पांढरा चट्टा पडतो. अ‍ॅसिड आधीच पडलं असेल तर धुऊन, वाळवून, पक्का दगड लागेपर्यंत घासावं लागतं. बोट फिरवल्यावर बोटाला काही लागलं नाही की थांबा.

फक्त काचेसारखा वरचा थर निघाला, ठिपके जागच्या जागी

हा दोष दोन कोटांच्या मधल्या वेळेतला. इपॉक्सी दमट हवेत वाळलं तर त्याच्या पृष्ठभागावर मेणचट, साबणासारखा निसरडा पापुद्रा येतो. हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात, त्याचा हा परिणाम. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, बोटाला कळतो. त्यावर पुढचा कोट मारला की तो मेणावर बसतो. उपाय अगदी सोपा, फक्त कुणी करत नाही: प्रत्येक इपॉक्सी कोट वाळल्यावर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबने धुवा, पुसा, वाळवा, ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा, मग पुढचा कोट.

दुसरी शक्यता अशी की, दोन कोटांमध्ये जास्तच वेळ गेला. डब्यावर लिहिलेलं असतं की पुढचा कोट इतक्या तासांपासून तितक्या तासांपर्यंत द्यावा. ती मुदत टळल्यावर खालचा थर इतका कडक होतो की वरचा त्यात मिसळत नाही. मुदत टळली असेल तर न घासता पुढे जायचं नाही. आणि मधल्या काळात ओटा ‘थोडासाच’ वापरला असेल, चहा केला, पोळ्या केल्या, तर त्यावर तेलाचा हात फिरलाच आहे असं धरून चाला.

पोपड्याखाली ओल, किंवा मिठासारखे पांढरे कण

पाणी खालून येतंय. इथे वरून कितीही कोट द्या, वाफ आणि ओल त्याला ढकलून देणारच.

खात्री करायची असेल तर रंग काढलेल्या जागेवर हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा खालचा दगड गडद झाला तर आधी प्लंबर बोलवा, पेंटर नंतर. गळती बहुधा नळाच्या बुडाशी, सिंकच्या कापलेल्या कडेला किंवा ओटा आणि भिंतीच्या सांध्यात सापडते. काही घरांत ओट्याच्या भिंतीमागे बाथरूम असतं. तिथल्या टाइल्सचे सांधे उघडे असले तर तुमच्या ओट्याला बारमाही ओल मिळते.

सनमायका असेल तर खालचं प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्ड अंगठ्याने दाबून बघा. फुगलेलं, दबणारं बोर्ड रंगाने सुधारत नाही. तो तुकडा बदलावाच लागतो.

सिंकची कड: सगळी दुखणी इथे एकत्र येतात

चार पोपड्यांपैकी तीन इथलेच असतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

स्टीलचा सिंक आणि दगड गरम झाले की सारखे प्रसरण पावत नाहीत. आपल्याकडे भाताची पेज, कुकरमधलं पाणी, शेवया किंवा बटाटे उकडलेलं पाणी सरळ सिंकमध्ये ओततात. स्टील लगेच ताणतं, दगड मागे राहतो. रंग जर दगडावरून सिंकच्या कडेवर सलग ओढलेला असेल तर बरोबर त्या रेषेवर केसाएवढी चीर पडते. चीर दिसत नाही, पण पाण्याला ती पुरते. पाणी अ‍ॅक्रेलिकच्या थरात शिरतं, थर फुगतो, आणि आठवड्याभरात पोपडा. यावर परत रंग लावला की तोही सांध्यावरून सलग जातो, आणि चक्र परत सुरू.

म्हणून रंग सांध्याच्या अलीकडे थांबला पाहिजे. जमत असेल तर सिंक उचलून बाहेर काढा, दगडाची कापलेली कड घासा, तिला आतपर्यंत प्रायमर आणि क्लिअर कोट द्या. कापलेली कड हीच सगळ्यात तहानलेली असते. सिंक निघत नसेल तर कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा. सगळे कोट पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे आठवड्याने, मधली फट सिलिकॉनने भरा. सिलिकॉन घेताना ‘न्यूट्रल’ लिहिलेली ट्यूब मागा. ज्या ट्यूबला व्हिनेगरचा झणका येतो ती सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडते, आणि चुनखडकाचं अ‍ॅसिडशी काय होतं ते वर आलंच आहे.

ओटा आणि भिंतीच्या टाइल्स यांच्या सांध्यालाही हाच न्याय.

फोड, बुडबुडे, सुईच्या टोकासारखी भोकं

क्लिअर कोट पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानातल्या ‘पीयू’चा, असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सोडावॉटरमध्ये असतो तोच वायू. ओल्या ब्रशचं, न वाळलेल्या ओट्याचं किंवा जुलैतल्या हवेचं पाणी मिळालं की घट्ट होत चाललेल्या थरात बारीक फुगे अडकतात. फुटले की भोक उरतं, आणि त्या भोकातून हळद आत जाते.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना हे काम हाती घेऊ नये. ओट्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावं, नाहीतर न दिसणारं दव त्यावर बसतं. कोकणात आणि मुंबईत याचा सरळ अर्थ असा की, जून ते सप्टेंबर हात लावू नका. गणपतीला पाहुणे येणार म्हणून ऑगस्टमध्ये ओटा रंगवायला काढणारे दरवर्षी भेटतात. त्यांना सांगून उपयोग नसतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. काम चालू असताना त्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या नकोत. चूल तात्पुरती बाल्कनीत किंवा शेजारी मांडा.

फोड मोठे आणि विरळ असतील तर गोष्ट वेगळी. तो दगडातल्या छिद्रांतली हवा बाहेर पडल्याचा परिणाम. सकाळी ऊन चढत असताना दगड तापतो, आतली हवा फुगते आणि ओल्या रंगातून वर येते. पहिला कोट पातळ द्या आणि संध्याकाळी, ओटा थंड होत असताना द्या. जाड एक कोट मारून वेळ वाचवायचा मोह टाळा.

रोलरने आणि जोरजोरात ढवळल्यानेही बुडबुडे येतात. डब्यातलं मिश्रण सावकाश ढवळून दहा मिनिटं ठेवून द्यावं. पण फार वेळही ठेवू नये. हार्डनर मिसळल्यावर घड्याळ सुरू झालेलं असतं आणि मे महिन्यात ते जास्त वेगाने पळतं. मोठ्या डब्यात एकदम कालवलं तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून डब्यातच घट्ट होतं. लागेल तेवढंच, थोडं थोडं कालवा.

कुठेकुठे चिकटच राहिलाय

प्रमाण चुकलं. हार्डनर ‘अंदाजे’ टाकला, किंवा डब्याच्या कडेला लागलेलं न ढवळलेलं रेझिन (हार्डनर ज्यात मिसळतो तो मुख्य भाग) शेवटी खरवडून ओट्यावर ओढलं. असा ठिपका महिन्याने वाळेल, दोन महिन्यांनी वाळेल, अशी वाट बघू नका. तो वाळणार नाही. पत्र्याने काढून, थिनरने पुसून तेवढी जागा परत करावी लागते. प्रमाण वजनाने सांगितलंय की मापाने, ते डब्यावर वाचा; दोन्ही एक नाही. कालवलेलं मिश्रण एका भांड्यातून दुसऱ्या कोऱ्या भांड्यात ओतून परत ढवळलं की हा घोटाळा होत नाही.

डब्याचा गोल वळ, चिकटलेला पेपर, कुकरचा ठसा

हाताला न लागणं म्हणजे कडक होणं नव्हे. दोन डब्यांचा क्लिअर कोट काही तासांत हाताला सुका लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला साधारण ७ दिवस घेतो, थंडीत त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी तेलाची बरणी ठेवली की तिचा वळ कायमचा. वर्तमानपत्र तर अजिबात अंथरू नका. ते चिकटतं आणि उलटी अक्षरं ओट्यावर छापून जातात.

पूर्ण कडक झाल्यावरही उष्णतेची मर्यादा राहते. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं साधं इपॉक्सी ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. शेगडीवरून उतरवलेला कुकर त्याच्या कितीतरी वर असतो. तेव्हा चुंबळ किंवा लोखंडी स्टँड हवाच. खरा ग्रॅनाइट जे सहज सोसतो ते हा सोसत नाही. दिसायला सारखा आहे म्हणून घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवावं लागतं, आणि मदतनीस मावशींना सगळ्यात आधी.

पिवळेपणा

सगळीकडे सारखा पिवळेपणा आला असेल तर क्लिअर कोट चुकीचा आहे. ‘अ‍ॅरोमॅटिक’ जातीचं पॉलियुरेथेन आणि साधं इपॉक्सी उजेडात पिवळं पडतं. ‘अ‍ॅलिफॅटिक’ पडत नाही. काळ्या ग्रॅनाइटच्या रंगावर फरक कळत नाही, पांढऱ्या संगमरवरावर महिन्यांतच कळतो. फक्त ठिपक्यांनी पिवळं असेल तर ती हळद. साबण लावला की डाग लाल होतो, त्याने घाबरू नका, हळद साबणाला लालच होते. पाण्याने धुतला की परत पिवळा. कर्क्युमिन उन्हात विटतं, म्हणून ओट्यावर खिडकीतून ऊन येत असेल तर साबणाने धुऊन डाग उन्हावर सोडा. बऱ्याचदा तेवढ्याने फिका पडतो.

माझं स्पष्ट मत: जिथे रोज फोडणी होते तिथे मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराची नक्कल करू नये. खुद्द संगमरवरही लिंबाने खराब होतो. मग नक्कल करायला तोच दगड का निवडायचा? करडा किंवा तपकिरी, दाट ठिपक्यांचा ग्रॅनाइट घ्या. तो डाग पोटात घालतो आणि पुढे दुरुस्तीही खपून जाते.

सुटत नाही, पण खोटा दिसतो

ही तक्रार कमी येते, कारण लोक बोलत नाहीत. ग्रॅनाइटच्या दुकानात कटिंगचे तुकडे पडलेले असतात, तळहाताएवढा एक मागून आणा आणि ओट्यावर ठेवून त्याकडे बघत काम करा. नीट बघितलं की दिसतं, त्यात गारगोटीचे धुरकट दाणे आहेत, फेल्डस्पारचे पांढरट किंवा गुलाबी दाणे आहेत, काळे कण आणि अभ्रकाची चमक आहे. दाण्यांच्या कडा धारदार असतात, विरघळत नाहीत. म्हणून एक रंग पूर्ण सुकल्याशिवाय दुसऱ्याचा स्पंज टेकवायचा नाही, नाहीतर सगळा चिखल होतो. स्पंज सरळ कापलेला नको. चिमटीने तोडून ओबडधोबड करा आणि प्रत्येक टेकवणीला मनगट फिरवा. न फिरवता चालत गेलात तर तोच एक आकार फरशीवरच्या छापासारखा ओळीने उमटतो, आणि डोळ्याला तो आधी सापडतो.

ब्लॅक गॅलेक्सी या काळ्या ग्रॅनाइटचा सोनेरी ठिपका लोकांना फार आवडतो. आंध्रातल्या चिमकुर्तीच्या खऱ्या दगडात तो विरळ असतो. अभ्रकाची पूड मूठभर उधळली की ओटा लग्नाच्या शालूसारखा दिसू लागतो. चिमूटभर, तीही लांबून.

संगमरवराच्या शिरा साधारण एकाच दिशेने वाहतात, जाड-बारीक होतात, मध्येच नाहीशा होऊन पुढे परत उगवतात. अधिकच्या खुणेसारखं एकमेकींना छेदत नाहीत. बारीक ब्रश किंवा पक्ष्याचं पीस बोटांत सैल धरून ओढा, आणि शीर ओली असतानाच तिची एक कड ओलसर स्पंजाने धूसर करा, दुसरी तशीच धारदार ठेवा. शीर ओट्याच्या पुढच्या कडेवरून खाली उतरलीच पाहिजे. वर दगड आणि समोरच्या पट्टीवर सपाट रंग, हे स्वयंपाकघरात पाऊल टाकताच दिसतं.

आता दुरुस्ती

सगळा ओटा खरवडायची गरज बहुधा नसते. सुटलेल्या जागेभोवती ब्लेडने बारीक जाळी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर तिथलाही रंग कच्चा. आणखी बाहेर सरका. जिथे एकही चौकोन निघत नाही तिथे थांबा. ती कड पॉलिश पेपरने उतरती करा, म्हणजे पायरी जाणवणार नाही. मग वर सांगितलेलं मूळ कारण दूर करा, तेवढ्या जागेवर प्रायमर, बेस आणि ठिपके द्या. क्लिअर कोट मात्र तुकड्यावर देऊ नका. सिंकपासून कोपऱ्यापर्यंत अख्खा पट्टा ३२० ने मलूल करून एकसंध द्या. ठिगळाची कड क्लिअर कोटातच दिसते. ठिपक्यांचे उरलेले रंग छोट्या बाटल्यांत भरून, नाव लिहून जपून ठेवावेत. दोन वर्षांनी तोच करडा पुन्हा जुळवणं फार जिकिरीचं होतं.

जुना रंग खरवडताना एक सावधगिरी. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचे नियम आपल्याकडे २०१६ साली आले. त्याआधीचा ऑइल पेंट ओट्यावर असेल तर कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, लगदा पुसून पिशवीत बांधून टाका, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घराबाहेर ठेवा. पीयू मारताना साधा रुमाल उपयोगाचा नाही. सेंद्रिय वाफ अडवणारं कार्ट्रिज असलेला मास्क घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि दम्याचा त्रास असलेल्याने हे काम करूच नये.

काही ओटे मात्र रंगवू नयेत. ज्यावर पाटा-वरवंटा चालतो, नारळ आपटला जातो, सुरी थेट चालते. किंवा ज्यात तीच एक चीर दर वेळी त्याच रेषेत उगवते, म्हणजे खालचा आधार हलतोय. असा कडप्पा टेकू देऊन, चीर इपॉक्सीने बुजवून मशीनने पॉलिश करून घ्यावा. काकूंच्या ओट्याचं शेवटी तेच केलं. लेप देऊन देऊन तेल संपेना. आता त्या परत खोबरेल लावतात.